तीन युद्धं, एक टेबल, महिना १५०० रुपये: मिनिएचर प्रकल्पांचा मेळ कसा घालायचा? (सोलापूर)

भुईकोटचा_बुरूज

नमस्कार मंडळी. छोट्या शिपायांच्या फिगर रंगवून टेबलावर लढाया खेळायचा छंद आहे. तीन प्रकल्प एकदम चालू आहेत आणि तिन्ही अर्धवट पडलेत. महिन्याला १५०० रुपये निघतात, त्यापुढे नाही. टेबल चार फूट बाय तीन फूट, तेही जेवणाचं, त्यामुळे खेळ संपला की सगळं आवरावं लागतं. गावात समोर बसणारा गडी मिळाला तरी त्याच्याकडे स्वतःचं सैन्य नसतं, म्हणून दोन्ही बाजू मलाच करायच्यात. यादी अशी:

१. खर्डा, ११ मार्च १७९५. मराठे विरुद्ध निजाम. १/७२ मापाच्या (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मऊ प्लॅस्टिकच्या फिगर, नेपोलियनच्या काळातल्या पायदळाचे आणि घोडदळाचे डबे. कवायती पलटणी त्यातून निघतील. शिलेदार कशातून काढायचे ते ठरत नाही. रंग सुरूच केलेला नाही.

२. इटली, १९४४. मराठा लाइट इन्फंट्री आणि समोर जर्मन. हेही १/७२. निम्म्या फिगरांना प्राइमर (रंगाखालचा थर) मारलाय, पण बंदुकीची नळी जरा वाकली की पापुद्रा सुटतोय.

३. फँटसी, २८ मिमी (माणूस साधारण एवढा उंच). रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट करून घेतलेल्या सोळा फिगर. वन पेज रूल्सच्या फुकट नियमांवर खेळणार. सहा रंगवून तयार.

यातला एखादा बंद करावा का? पैसे कसे वाटावेत? बेस (फिगर ज्यावर चिकटवतात त्या पट्ट्या किंवा चकत्या) प्रत्येकाचे वेगळे ठेवावेत की एकसारखे? आणि इथल्या उन्हाळ्यात रंग ब्रशवरच वाळतो त्याचं काय करायचं? टेरेन (टेबलावरची शेतं, टेकड्या, घरं) सोलापुरात मिळेल त्यातूनच करायचं आहे.

कवायती_पलटण

मालक, तीन प्रकल्प काही फार नाहीत. अडचण अशी की एकाचाही आकडा ठरलेला नाही. खर्ड्याला दोन्ही बाजू मिळून लाखाच्या वर सैन्य होतं. "खर्डा करायचंय" एवढंच मनात ठेवलं तर डबे येत राहतील आणि संपणार कधीच नाही. म्हणून प्रत्येक प्रकल्पाचा पहिला खेळता येईल असा टप्पा काढा. तेवढं पुरं होईपर्यंत त्या प्रकल्पासाठी नवी फिगर घ्यायची नाही.

खर्ड्यासाठी एका बाजूला बारा बेस धरा. हा बाराचा आकडा डीबीए नावाच्या टेबलावरच्या युद्धखेळाच्या नियमांतला. ते नियम प्राचीन आणि मध्ययुगीन काळाचे, बंदुकांच्या लढाईला चालणार नाहीत, पण टेबलाचा आणि खर्चाचा अंदाज बसवायला बारा फार सोयीचे आहेत. एका बाजूची मांडणी: पायदळ ६ बेस (प्रत्येकी ४ शिपाई), घोडदळ ४ बेस (प्रत्येकी २ स्वार), तोफा २ बेस (एक तोफ, २ गोलंदाज). म्हणजे २४ शिपाई, ८ स्वार, २ तोफा, ४ गोलंदाज. दोन्ही बाजूंचे मिळून ४८ शिपाई, १६ स्वार, ४ तोफा. निजामाकडे रेमंड या फ्रेंच सरदाराच्या पलटणी आणि शिंद्यांकडे पेराँ या दुसऱ्या फ्रेंच सरदाराच्या, त्यामुळे कवायती पायदळ दोन्हीकडे लागतं आणि तुमचे नेपोलियनवाले डबे दोन्हीकडे खपतात. बहुतेक सगळं तुमच्याकडे आधीच असणार.

इटलीचं तर आणखी सोपं आहे. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांनी जी मशीनगनची जागा एकट्याने घेतली आणि ज्यासाठी त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो प्रसंग एका रायफल सेक्शनचा आहे. कागदोपत्री सेक्शन दहा जणांची, त्यात एक ब्रेन गन आणि नाईकाच्या हातात टॉमीगन. समोर मशीनगनवरचे चौघे आणि लांबून नेम धरणारे दोघे. एकूण सोळा फिगर. प्लॅटून, मॉर्टर, पियाट (रणगाड्यांवर मारायचं शस्त्र) हे सगळं नंतर. एवढ्या सोळा जणांत एक संध्याकाळ पुरून उरेल असा खेळ आहे, आणि तो आपल्या माणसाचा आहे, म्हणून माझं मत, पहिला नंबर याचाच लावा.

बेस. इथे पैसे वाचतात, म्हणून जरा सविस्तर. निमंत्रणपत्रिका आणि नेमप्लेट करणाऱ्यांकडे लेझर कटिंग होतं. ३ मिमी एमडीएफचा एक फुटी तुकडा, म्हणजे ३०५ मिमी बाय ३०५ मिमी, एवढ्यात खर्डा आणि फँटसी दोन्हींचे बेस बसतात. सगळ्या पट्ट्यांची रुंदी ६० मिमी ठेवा. खोली पायदळाला ३०, घोडदळाला ४०, तोफेला ५०. (१/७२ चा दौडणारा घोडा ३० मिमीत मावत नाही, नाक बाहेर येतं आणि पुढच्या बेसला अडतं.) मग ६० मिमी रुंदीच्या तीन उभ्या ओळी आखा:

पहिली ओळ: ३० चे १०
दुसरी ओळ: ३० चे २ आणि ४० चे ६
तिसरी ओळ: ४० चे २ आणि ५० चे ४

यात खर्ड्याचे चोवीस बेस झाले. उरलेल्या १२० मिमी रुंदीत २५ मिमी व्यासाचे गोल, चार-चारच्या अकरा रांगा निघतात, ते फँटसीला. लेझरची रेघ साधारण ०.२ मिमी खाते, तेवढं धरलं तरी पहिली ओळ ३०२ मिमीच्या आसपास संपते. दुकानदाराने ३०० मिमीचा तुकडा लावला तर हे गणित बसणार नाही, म्हणून तुकडा समोर मोजून घ्या. आणि फाइलमध्ये शेजारच्या दोन बेसची रेघ एकच ठेवा. दोन वेगळ्या रेघा काढल्या तर कटिंगचा वेळ वाढतो, आणि पैसे बहुतेक ठिकाणी वेळेवरच लावतात.

इटलीच्या एकेकट्या शिपायांना एमडीएफ नको. हार्डवेअरच्या दुकानात एम१० चे वॉशर घ्या, बाहेरचा व्यास २० मिमी, जाडी २ मिमी. भोकावर आतून कागदाची चकती चिकटवली की झालं. वजन खाली राहतं, शिपाई पडत नाही.

पैशांचं: पहिले दोन महिने फिगरांवर शून्य. त्या ३००० मध्ये बेस, प्राइमर, मॅट वार्निश, दहा रंग, दोन बरे ब्रश (गोल २ नंबर आणि ० नंबर), ड्रायब्रशला (जवळजवळ कोरडा ब्रश उठावावर फिरवायला) एक जुना चपटा, छोट्या कानशींचा संच. तिसऱ्या महिन्यापासून ९०० फिगर, ३०० रंग-गोंद, ३०० बाजूला. डबा ९०० च्या वर असेल तर पुढच्या महिन्याचे ९०० जोडा, पण रंगाच्या ३०० ला हात लावू नका. बहुतेक ठिकाणी गाडी अडते ती फिगर नाहीत म्हणून अडत नाही. वार्निश संपलेलं असतं, म्हणून रंगवलेली फिगर खेळायला काढता येत नाही, आणि त्या रिकाम्या दिवसांत नवा डबा मागवला जातो.

सूत_आणि_रंग

टेरेनबद्दल लिहितो, कारण त्यासाठी सोलापूरसारखं गाव नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे टॉवेलच्या कारखान्यांतून चिंध्या किलोवर निघतात. टेरी टॉवेलचे फिके, खाकी, मातकट तुकडे मागा. गडद रंग घेऊ नका, त्यावर दुसरा रंग बसत नाही. हे तुकडे म्हणजे तुमची शेतं. टॉवेलचा लूप साधारण ४ ते ५ मिमी उंच असतो. १/७२ मध्ये ५ मिमी म्हणजे ३६ सेंमी: हरभरा, करडई किंवा ज्वारी काढल्यावरची धस्कटं. लढाई मार्चमधली, रब्बीची ज्वारी तोवर बहुतेक निघालेली असते, तेव्हा धस्कटंच बरोबर दिसतात.

करायची पद्धत: तुकडा जाड पुठ्ठ्यावर किंवा एमडीएफवर फेव्हिकॉलने चिकटवा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा. सकाळी कात्रीने लूपची टोकं कापा, सगळी एका पातळीत नकोत, थोडी वरखाली. मग एक भाग फेव्हिकॉल, दोन भाग पाणी आणि थोडा यलो ऑकर असं पातळ करून ब्रशने मुरवा. ओलं असताना जुन्या कंगव्याने एकाच दिशेने ओळी पाडा. वाळल्यावर ताठ होतं. शेवटी ऑकर आणि पांढरा मिसळून कोरडा ब्रश फिरवा. कंगव्याची पायरी गाळली तर शेत दिसत नाही, टॉवेलच दिसतो. आणि फेव्हिकॉल घट्ट घातला तर लूप एकमेकांना चिकटून गोळे होतात, ते परत सुटत नाहीत.

उभी ज्वारी हवी असेल तर टॉवेल चालत नाही. दोन मीटरचं ताट १/७२ मध्ये २८ मिमी येतं. त्याला काथ्याचं पायपुसणं घ्या, रबराच्या पाठीचं. दोन इंच बाय चार इंचाचे तुकडे कापा, वरच्या टोकांना पांढुरका पिवळा ठिपका द्या, कणसं दिसतात. खालची रबराची कड मातीच्या रंगाने झाकायला विसरू नका.

बेसवर काळी माती चाळून टाकायचा मोह सगळ्यांना होतो. टाकू नका. आपली माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. गोंदात मिसळली की वाळताना भेगा पडून खपल्यांसारखी उचलली जाते, जशी शेतात पडते तशीच. बारीक चाळलेली वाळू लावा आणि रंग काळ्या मातीचा द्या: काळा दोन भाग, बर्न्ट अंबर एक भाग, वरून राखाडी तपकिरी ड्रायब्रश. अशा जमिनीवर वाळक्या पिवळ्या गवताचे मोजकेच पुंजके ठेवा. परदेशी व्हिडिओंतली हिरवळ पाहून सगळा बेस हिरवा केला तर खर्डा खर्डा वाटत नाही. इटलीला तीच वाळू, फक्त रंग ऑकरकडे झुकता.

टेकड्या पॅकिंगच्या थर्मोकोलच्या करा, पण त्यावर थेट स्प्रे मारू नका, स्प्रेतला सॉल्व्हंट थर्मोकोल खातो. आधी फेव्हिकॉल आणि रंग यांचा एक जाड हात, कोपऱ्यांसकट, आणि पूर्ण वाळल्यावर मगच स्प्रे. टेकड्या, झाडं, रस्ते तिन्ही खेळांना चालतात. घरं मात्र चालत नाहीत. दोन मीटरचा दरवाजा १/७२ मध्ये २८ मिमी येतो आणि २८ मिमी मापात ३६ च्या आसपास. फँटसीवाला सैनिक त्या दारात वाकूनही जाणार नाही. म्हणून घरं सर्वांत शेवटी.

तिखट_कूलर

फक्त रंग आणि हवामान यावर.

पापुद्रा सुटतो त्याचं कारण प्लॅस्टिक. १/७२ च्या मऊ फिगर पॉलिथिलीनच्या असतात, त्यावर मुळात काही चिकटत नाही, शिवाय साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर असतो. स्प्रूवर (फिगर जोडलेल्या असतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर) असतानाच कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश यांनी घासा, दोनदा खळबळा, सावलीत वाळवा, आणि मग बोट न लावता पहिला थर द्या. तो थर फेव्हिकॉल एमआर आणि पाणी समप्रमाणात, पातळ, एकच हात. त्यावर प्राइमर. वाकणाऱ्या भागांवर, म्हणजे नळी, संगीन, घोड्याचे पाय, कापडावर वापरायचे अॅक्रिलिक फॅब्रिक कलर उलट चांगले बसतात, कारण त्यांचा थर रबरासारखा ताणतो. ते दाट असतात, म्हणून पाण्याने सैल करून दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर चेहरा बुजतो.

ज्यांचा पापुद्रा निघालाय त्यांचा प्राइमर पूर्ण उतरवा. त्यावरून पुन्हा रंगवण्यात अर्थ नाही, खालचा थर हलतोय. साधं तपकिरी डेटॉल न मिसळता झाकणाच्या बरणीत, रात्रभर. दुसऱ्या दिवशी हातमोजे घालून डेटॉलमध्येच बुडवत टूथब्रशने घासा. सुटलेला रंग अंगावर असताना पाणी लावलं तर त्याचा चिकट राळेसारखा लगदा होतो आणि सांध्यांत बसतो. सगळं निघाल्यावर एकदा ताज्या डेटॉलमध्ये बुडवा, मग साबणपाणी. रेझिनच्या फिगर यात रात्रभर ठेवू नका, मऊ पडतात.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ च्या वर जातो आणि हवा कोरडी. स्प्रे प्राइमर दुपारी मारला तर थेंब फिगरपर्यंत पोचायच्या आधीच हवेत वाळतो आणि अंगावर भुकटी बसते, हात फिरवला की खरखरीत लागतं. सकाळी आठच्या आत, सावलीत, एक वीत अंतरावरून, झटके देत मारा. पावसाळ्यात उलटं होतं: हवा दमट असली की मॅट वार्निशवर पांढरी साय येते. आणि उन्हाळ्यातही कूलर चालू असलेल्या खोलीत वार्निश मारू नका, ती खोली पावसाळ्याइतकीच दमट असते, वर कूलर तंतू आणि धूळ उडवतो. वार्निश गच्चीवर किंवा अंगणात, आणि फिगर तासभर तिथेच.

ब्रशवर रंग वाळतो त्याला वेट पॅलेट. झाकणाचा चपटा डबा, तळाला टॉवेलचा तुकडा (वर शेतांसाठी सांगितला तसलाच), भिजवून जादा पाणी निथळलेला, त्यावर बेकिंगचा बटर पेपर. मेणकागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. पाणी आरओचं घ्या. बोअरचं पाणी जड असतं, वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) वाळला की गडद कपड्यांवर क्षाराचे पांढरे कडे उमटतात. तीन-चार दिवसांनी टॉवेल धुऊन उन्हात टाका, नाहीतर बुरशी धरते. पंख्याचा झोत पॅलेटवर नको.

फेविक्विकचंही हवामानावर अवलंबून असतं. ते हवेतल्या ओलाव्याने धरतं, म्हणून मे महिन्यात हळू धरतं. जोडायच्या भागावर एक फुंकर मारली तरी फरक पडतो. न उघडलेल्या ट्यूब हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह, फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच फोडा. थंड ट्यूबवर दव जमतं आणि तोंडच बंद होतं. मऊ प्लॅस्टिकला नुसतं फेविक्विक धरत नाही. टाचणीचा ५ मिमीचा तुकडा आत खोचून मग गोंद.

दहा रंग हे घ्या: काळा, पांढरा, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लाल, अल्ट्रामरीन, सॅप ग्रीन, सिल्व्हर, राखाडी. आपल्या शिपायांची त्वचा बर्न्ट सिएना आणि ऑकर समप्रमाणात, सावलीला अंबर, उजेडाला आणखी ऑकर. उजेडासाठी पांढरा घातला की चेहरा पीठ लावल्यासारखा होतो. खाकी ड्रिल: ऑकर तीन, पांढरा दोन, अंबर अर्धा. जर्मन फील्ड ग्रे: राखाडी चार, सॅप ग्रीन एक, काळ्याचा ठिपका. वॉश घरी: अंबर एक भाग, मॅट मीडियम (रंग पातळ करायचं बिनरंगाचं माध्यम) चार, पाणी चार, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. मीडियम गाळून नुसतं पाणी घातलं तर रंगद्रव्य कडेला जाऊन डाग पडतात.

रेझिन_आणि_राळ

कवायती_पलटण यांच्याशी एका बाबतीत असहमत. एकाला पहिला नंबर देऊन बाकीचे थांबवले तर त्या एकाचा कंटाळा आला की सगळंच थांबतं. त्यापेक्षा तिन्ही चालू ठेवा, पण तिन्ही वेगवेगळ्या पायरीवर. एक सफाईच्या पायरीवर (स्प्रूवरून काढणं, साच्याच्या रेषा खरवडणं), एक रंगाच्या, एक बेस आणि वार्निशच्या. फेव्हिकॉल-वाळू वाळायला रात्र जाते, त्या वेळात दुसऱ्या प्रकल्पाची सफाई होते. दोन प्रकल्प एकाच पायरीवर आले की अडलंच: टेबलावर जागा नसते, आणि वार्निशचा डबा दोनदा काढावा लागतो. वार्निश मात्र सगळ्यांचं एकदम, महिन्यातून एका सकाळी.

रंगाच्या पायरीवर एक गोष्ट करून बघा. अंबर पॅलेटवर निघाला की फक्त इटलीच्या बुटांना लावून थांबू नका. खर्ड्याच्या बंदुकांचे दस्ते, तोफेचे गाडे, घोडे, फँटसीवाल्यांचे पट्टे, सगळ्यांचा तपकिरी तेव्हाच. एका वेळी दहा-बारा फिगर, त्याहून जास्त नको, शेवटच्याला पोचेपर्यंत हात ढिला पडतो आणि ते दिसतं. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी, तिच्यावर फक्त पुढची पायरी: "सहा शिपाई, पांढरे पट्टे". जेवणाचं टेबल असल्यामुळे हे फार उपयोगी, डबा उघडला की विचार न करता सुरुवात होते.

रेझिनबद्दल दोनच. फिगर बोटाला चिकट लागत असतील तर क्युअरिंग (उजेडाने रेझिन पक्कं होणं) अपुरं आहे: हातमोजे घालून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पूर्ण वाळवा, मग दुपारच्या उन्हात फिरवत दहा मिनिटं. विसरून दिवसभर ठेवल्या तर ठिसूळ होऊन तलवारी तुटतात. आणि खरवडताना मास्क लावून, ओल्या सँडपेपरने.

भुईकोटचा_बुरूज

सगळ्यांचे मनापासून आभार. पायऱ्या वेगळ्या ठेवायचं पटलं, सुरुवात इटलीच्या सोळा जणांपासूनच करतो. तीन शंका राहिल्या: (१) शिलेदार कशातून काढू? मराठ्यांचे १/७२ डबे शोधूनही सापडत नाहीत. (२) बाहेरच्या देशातून मागवणं परवडेल का? (३) बेस डब्यात हलू नयेत म्हणून काय?

सूत_आणि_रंग

(१) नेपोलियनच्या काळातल्या हुसार (युरोपातलं हलकं घोडदळ) घोडदळाचा डबा असेल तर तो पुरतो. टोपी सपाट कापा, भुवईच्या वर, तुरा-झालर सगळं काढून. पागोट्याला टॉवेलच्या कात्रणातूनच एक धागा ओढा, पीळ सोडून एकच पदर घ्या. फेव्हिकॉल एमआरमध्ये बुडवून दोन बोटांत निपटा म्हणजे कूस (सुताचे बारीक तंतू) बसते. मागून सुरू करून कपाळावर तिरपे अडीच वेढे, टोक मागे खोचा. ओलं असताना टाचणीने वेढ्यांमधली खाच दाबा. पूर्ण वाळू द्या, मग रंग. कूस न निपटता गुंडाळला तर रंगवल्यावर पागोटं नाही, लोकरीचा गोळा दिसतो.

अंगरख्याचा घेर टिश्यू पेपरचा, एकच थर, पातळ फेव्हिकॉलमध्ये भिजवून कमरेपासून खोगिरावर पसरलेला. ढाल ऑफिसच्या पंचिंग मशीनची: ६ मिमीची चकती १/७२ मध्ये ४३ सेंमी येते, अगदी योग्य. जाड कागदाची चकती खोडरबरावर ठेवून ब्रशच्या गोल टोकाने दाबली की फुगीर होते. भाल्याला खराट्याची काडी घेऊ नका. १ मिमी जाडी म्हणजे त्या मापात ७ सेंमीचा वासा. ०.५ मिमीची स्टीलची तार घ्या, दहा फुटी भाला ४२ मिमीचा. टोक हातोडीने चपटं करून कानशीने आकार द्या आणि अगदी टोकाची धार मोडा, नाहीतर आवरताना बोटात जाते. मूठ भोसकायला गरम सुई, मऊ प्लॅस्टिकला ड्रिलपेक्षा ती बरी, फक्त खिडकी उघडी ठेवा. सोळा स्वारांपैकी सगळ्यांना भाले देऊ नका, निम्म्यांच्या हातात तलवार राहू द्या, शिलेदार एकसारखे दिसता कामा नयेत.

कवायती_पलटण

(२) सध्या तरी नको. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. पार्सल त्या वर्गात धरलं गेलं तर फिगर, पाठवणावळ आणि शुल्क मिळून तुमचे तीन-चार महिने एका डब्यात जातात. देशातल्या विक्रेत्यांकडे एअरफिक्स, इटालेरी, झ्वेझ्दा यांचे डबे येतात, ते बघा. जे मिळत नाही ते कागदाचं: ३०० जीएसएमच्या कार्डावर लेझर प्रिंट, पुढची-मागची बाजू ग्लू स्टिकने चिकटवून (फेव्हिकॉलने कार्ड वाकडं होतं), कडा काळ्या मार्करने. इंकजेटची प्रिंट नको, वार्निश लागलं की पसरते. निजामाचे बारा बेस आधी कागदाचे करून खेळून बघा. कुठल्या तुकड्या खरंच लागतात ते टेबलावर कळतं, आणि तेवढ्याच प्लॅस्टिकच्या करायच्या.

(३) फ्लेक्स-बोर्डवाल्यांकडे चिकट पाठीची मॅग्नेटिक शीट मिळते. एमडीएफच्या बेसखाली ती चिकटवा, वॉशरखालीही तीच चिकटवा, आणि डबा पत्र्याचा घ्या. वॉशर लोखंडी असला तरी नुसत्या पत्र्याला चिकटणार नाही, चुंबक कुठेतरी हवंच. पायदळाच्या बेसला १५ मिमी रुंद पट्टी पुरते, घोडदळ आणि तोफांना पूर्ण तळ झाका, वजन वर असतं. डबा घेताना शीटचा तुकडा खिशात ठेवा आणि दुकानातच लावून बघा, स्टीलच्या बऱ्याच डब्यांना चुंबक धरत नाही. शीट चिकटवायच्या आधी एमडीएफच्या तळाला वार्निशचा एक हात द्या, कोऱ्या एमडीएफवर तिचा गोंद उन्हाळ्यात सुटतो.